शोची राखीव जागा आणि जेवण: डिस्नेचं डायनिंग पॅकेज घ्यायचं का?

डिस्नेची पार्कं बघायला ऑर्लँडो (फ्लोरिडा) किंवा अनाहाइमची (कॅलिफोर्निया) तिकिटं काढून झाली, राहायचं ठरलं, की रेस्टॉरंटांची यादी चाळताना एका ठिकाणी गाडी अडते. एकच रेस्टॉरंट यादीत दोनदा दिसतं. एकदा साधं, आणि एकदा नावापुढे ‘फँटास्मिक डायनिंग पॅकेज’ असं काहीतरी जोडलेलं. दर जास्त, पण सोबत रात्रीच्या शोची राखीव जागा. पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी काहींना वाटतं की हे घेतलं नाही तर शो दिसणारच नाही. काहींना वाटतं की हा नुसता पैसे काढायचा प्रकार. दोन्ही खरं नाही. आईबाबांना घेऊन, लहान मुलीला घेऊन, एकदा नुसत्या मैत्रिणींबरोबर, अशा वेगवेगळ्या वेळी मी हा निर्णय घेतला आहे. कधी पॅकेज घेतलं, कधी सोडून दिलं. जी पद्धत उपयोगी पडली ती इथे क्रमाने मांडते.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. पॅकेजमुळे वेळ वाचतो असं आपण धरून चालतो, पण बहुतेक वेळा तो फक्त जागा बदलतो. रात्री बाकावर बसून वाट बघण्यात जाणारा तास दुपारी किंवा संध्याकाळी रेस्टॉरंटच्या थंड हवेत, खुर्चीवर जातो. ही अदलाबदल तुमच्यातल्या कोणाला खरोखर हवी आहे का, एवढंच शोधायचं आहे.

पहिली पायरी: पॅकेजात काय येतं आणि काय येत नाही

पॅकेज म्हणजे टेबलावर बसून घ्यायचं, ठरलेल्या रकमेचं जेवण, आणि त्याच दिवशीच्या शोच्या राखीव भागाचा पास. जेवण साधारणपणे तीन टप्प्यांचं असतं: सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, गोड, आणि सोबत एक बिनमद्याचं पेय. काही ठिकाणी ‘हवं तितकं खा’ अशी पद्धत असते. टिप यात नसते. मद्य नसतं.

पार्कचं प्रवेश तिकीटही यात नसतं. हे मुद्दाम लिहिते, कारण रक्कम मोठी असल्यामुळे प्रवेश त्यात धरलाच असेल अशी समजूत होते. त्या पार्कचं त्या दिवसाचं तिकीट वेगळं लागतंच. राइड्सच्या लाइटनिंग लेनशीही, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायच्या झटपट रांगेशीही, पॅकेजचा काही संबंध नाही.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: त्याच रेस्टॉरंटमध्ये साधं टेबल बुक केलं तर शोचा पास मिळत नाही. समजा, हॉलीवूड ब्राउन डर्बी या रेस्टॉरंटमध्ये तुम्ही जेवाल, शेजारच्या टेबलावरचे लोकही तेच जेवतील, पण पास फक्त पॅकेजच्या नावाने बुकिंग केलेल्यांना मिळेल. वाढणाऱ्याला तिथे विनंती करून सहसा उपयोग होत नाही, कारण राखीव भागातल्या जागा मोजून दिलेल्या असतात.

दुसरी पायरी: शो कोणता आहे ते नीट बघा

माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू. सगळे शो सारखे नाहीत. कुठे जागा भरपूर, कुठे मोजकी, आणि कुठे मुळात बसायचीच सोय नाही.

फ्लोरिडात, डिस्नेच्या हॉलीवूड स्टुडिओज पार्कात ‘फँटास्मिक’ हा मिकी माउसचा, पाणी, आग आणि प्रकाशाचा रात्रीचा शो १९९८पासून होतो. मधे २०२० ते नोव्हेंबर २०२२ असा बराच काळ तो बंद होता. हा शो खास त्याच्यासाठी बांधलेल्या उघड्या रंगमंडपात होतो. जवळजवळ ७,००० माणसं बसतील एवढी बाकं आहेत, आणि मागे उभं राहायला आणखी जागा. इतक्या मोठ्या मंडपात जागाच मिळणार नाही अशी वेळ फार गर्दीच्या दिवसांतच येते. सुट्ट्यांच्या दिवसांत एका रात्री दोन खेळ असतात आणि दुसऱ्या खेळाला गर्दी बरीच कमी असते. म्हणजे तुमची मुलं उशिरापर्यंत जागणारी असतील तर फुकटचा उपाय तयारच आहे.

याच्या अगदी उलट आहे फ्लोरिडातल्याच एपकॉट पार्कातला ‘कँडललाइट प्रोसेशनल’. नाताळच्या दिवसांतला हा कार्यक्रम मुळात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५८ साली सुरू झाला. एपकॉटच्या अमेरिका गार्डन्स थिएटरमध्ये तो १९९४पासून होतो. मोठा गायकवृंद, समोर वाद्यवृंद, आणि एखादी नामवंत व्यक्ती येऊन नाताळची कथा वाचते. हिरवे झगे घातलेले गायक नाताळच्या झाडाच्या आकारात, एकावर एक ओळी करून उभे राहतात आणि तुतारीच्या सुरावर कार्यक्रम सुरू होतो. मला स्वतःला हा कार्यक्रम फार आवडतो. थिएटर लहान, हंगाम साधारण पाच आठवड्यांचा, आणि एका रात्री बहुधा तीन खेळ. वाचणारी व्यक्ती लोकप्रिय असली की पॅकेज नसलेल्यांची रांग खूप आधीपासून लागते. कोण कोणत्या तारखेला वाचणार हे आधी जाहीर होतं, त्यामुळे तारीख बघून गर्दीचा अंदाज बांधता येतो. ज्याला हा कार्यक्रम बसून, पूर्ण बघायचाच आहे त्याच्यासाठी इथलं पॅकेज मला बहुतेक वेळा योग्य वाटतं. नुसता सूर कानावर पडला तरी चालेल असं असेल, तर थिएटरच्या मागे उभं राहूनही बरंच दिसतं आणि ऐकू येतं.

कॅलिफोर्नियात चित्र आणखी वेगळं आहे. डिस्नेलँडमधला ‘फँटास्मिक’ हा मूळचा, १९९२ सालचा. तो रंगमंडपात होत नाही. ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ या पाण्याच्या काठावर, येण्याजाण्याच्या मोकळ्या जागेत लोक जमतात आणि शो बघतात. इथे पुढची जागा धरायला लोक खूप लवकर येऊन खाली बसतात, त्यामुळे राखीव भागाला खरी किंमत आहे. शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर पार्कातला ‘वर्ल्ड ऑफ कलर’ २०१०चा. जवळपास १,२०० कारंजी, त्यावर प्रकाश आणि पाण्याच्या पडद्यावर चित्रं. हा शो बहुतांशी उभ्यानेच बघायचा असतो. जेवणाचं पॅकेज घेतलं तरी राखीव भागात उभंच राहायचं असतं. शिवाय इथे डिस्नेच्या अ‍ॅपमधून विनाशुल्क आभासी रांगेत नाव घालता येतं आणि ठरलेल्या भागात जागा मिळते. म्हणून या शोसाठी पॅकेज घेण्याआधी मी दोनदा विचार करीन.

फटाक्यांचे शो आकाशात होतात. त्यांच्यासाठी जेवणाऐवजी गोड पदार्थांच्या पार्ट्या विकतात. फटाके पार्कातून कुठूनही दिसतात. पार्कातल्या किल्ल्याच्या भिंतींवर प्रकाशाने पाडलेली चित्रं मात्र समोरूनच नीट दिसतात. त्या पार्ट्यांचा हिशोबही याच पद्धतीने करता येईल.

एक सावधगिरी. पॅकेजांची यादी स्थिर नसते. अ‍ॅनिमल किंगडम या फ्लोरिडातल्या पार्कातल्या ‘रिव्हर्स ऑफ लाइट’चंही पॅकेज होतं, पण २०२०नंतर तो शोच राहिला नाही. हॉलीवूड स्टुडिओजमधलं ‘मामा मेलरोज’ हे पॅकेजवाल्यांचं आवडतं इटालियन रेस्टॉरंट २०२५ मध्ये बंद झालं. तेव्हा ओळखीच्यांनी तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. तुमच्या तारखेला काय आहे ते अ‍ॅपमध्ये बघा.

तिसरी पायरी: ‘जागा’ म्हणजे नक्की काय, हे विचारा

आपण ‘राखीव जागा’ वाचतो आणि डोळ्यांसमोर नाट्यगृहाची क्रमांक घातलेली खुर्ची येते. इथे तसं नसतं. राखीव असतो तो भाग. त्या भागात आत गेल्यावर जो आधी येईल त्याला चांगली जागा. तो भाग अगदी मधोमध असेल असंही नाही.

एका पार्कात माझी चूक अशीच झाली. आईच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. तिला उभं राहायला लागू नये एवढ्याचसाठी आम्ही पॅकेज घेतलं. जेवण छान झालं, पास मिळाला, आत गेलो तर दोऱ्या लावून वेगळा केलेला मोकळा चौक. बसायला काही नाही. आईने कठड्याला टेकून पाऊण तास काढला. बुकिंगच्या पानावर ‘राखीव दर्शन क्षेत्र’ असंच लिहिलं होतं. ‘आसन’ हा शब्द कुठेच नव्हता. मी तो मनानेच घातला होता.

तेव्हापासून फोन करून किंवा अ‍ॅपमधल्या चॅटवर मी सरळ विचारते: खुर्ची आहे, पाठ नसलेलं बाक आहे, जमिनीवर बसायचं आहे की उभं राहायचं आहे? आणि तिथपर्यंत पायऱ्या किती?

पायऱ्यांचं म्हणाल तर हॉलीवूड स्टुडिओजच्या रंगमंडपात माणूस वरच्या बाजूने आत येतो आणि बसायला खाली उतरतो. बाकांना पाठ नाही. पुढच्या काही ओळींत पाण्याचे तुषार येतात. मुलांना त्यातच मजा वाटते, पण रात्री ओले कपडे घालून परत जायचं असतं हेही लक्षात असू द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन अगदी खाली जाण्यापेक्षा वरच्या ओळी बऱ्या. तिथूनही दिसतं, कारण मंडप उताराचा आहे, आणि शेवटी चढून यावं लागत नाही. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी जागा वेगळ्या राखलेल्या असतात आणि त्यांना पॅकेज लागत नाही. सोबत किती जण बसू शकतात ते मात्र दारावरच्या माणसाला विचारा.

चौथी पायरी: कागद घ्या आणि हिशोब करा

हिशोब करताना पॅकेजची पूर्ण रक्कम बघून घाबरू नका. एरवी जेवणावर किती गेले असते ते त्यातून वजा करा. राहील तो शोच्या जागेचा दर.

वयाचे नियम आधी. डिस्नेत ३ ते ९ वर्षांचं मूल ‘मूल’ धरतात, दहावं लागलं की मोठ्या माणसाचा दर. दहा वर्षांचं, चिमणीएवढं खाणारं मूल पॅकेजात सगळ्यात महाग पडतं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला पार्कचं तिकीट लागत नाही. पण टेबलाच्या बुकिंगमध्ये त्यालाही मोजायचं, म्हणजे उंच खुर्ची मिळते आणि पासही सगळ्यांचे धरून येतात.

आता आकडे. खालचे दर मी फक्त पद्धत दाखवायला धरले आहेत. तुम्ही त्यांच्या जागी तुमच्या तारखेच्या मेनूवरचे दर घाला.

समजा आईबाबा, आजी आणि सहा वर्षांची मुलगी, अशी चार माणसं. पॅकेज मोठ्यांना ७० डॉलर, मुलीला ४५. एकूण २५५. फ्लोरिडाच्या ऑरेंज काउंटीत विक्रीकर ६.५ टक्के, म्हणजे साधारण १७ डॉलर. त्यावर १८ टक्के टिप, ४६ डॉलर. हातातून जाणार जवळपास ३१८ डॉलर.

आता त्याच रेस्टॉरंटमध्ये साधं टेबल घेतलं तर? तिघांना एकेक मुख्य पदार्थ ३८ डॉलरचा, मुलीचं जेवण १५चं, आणि एक गोड चौघांत वाटून १२चं. हे १४१ होतात. कर आणि टिप धरून साधारण १७६. म्हणजे शोच्या चार जागांसाठी १४२ डॉलर, माणशी सुमारे ३५.

तिसरा पर्याय, काउंटरवर जाऊन घ्यायचं जेवण. माणशी १७ धरले तर चौघांचे ६८, कर धरून ७३च्या आत. तिथे टिप द्यावी लागत नाही. याच्याशी तुलना केली तर फरक २४५ डॉलरचा.

यातली कोणती तुलना खरी? तुम्ही त्या दिवशी एरवी काय केलं असतं, त्यावर आहे. टेबलावर बसून नीट जेवायचं ठरलेलंच होतं, तर १४२. काउंटरवरच खाणार होतात, तर २४५. इथे मनाशी प्रामाणिक राहा. ‘तसंही चांगल्या ठिकाणी जेवायचंच होतं’ हे वाक्य पॅकेज बघितल्यावर सुचलं असेल तर ते धरू नका.

तीन टप्प्यांचं जेवण सगळ्यांना जातं का, हेही बघा. उन्हात दिवसभर चालल्यावर सूप, मुख्य पदार्थ आणि वर चॉकलेटचा मोठा केक हे अनेकांना जड होतं. पैसे तर तिन्हीचे दिलेले असतात. याउलट ज्या घरात दोन तरुण मुलं आहेत तिथे ठरलेल्या रकमेचं जेवण फायद्याचं ठरू शकतं.

टिपेचं एक लक्षात ठेवा. सहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर १८ टक्के सेवाशुल्क बिलातच लावलेलं असतं. बिल न वाचता वर पुन्हा टिप लिहिली, असं एकत्र प्रवासात हमखास होतं.

पाचवी पायरी: घड्याळाचा हिशोब

पैशांपेक्षा मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पार्कातल्या एका दिवसाचं तिकीटच इतकं महाग आहे की तासाचा दर काढला तर धसका बसतो.

टेबलावरचं जेवण सव्वा ते दीड तास घेतं. काउंटरवरचं अर्ध्या तासात आटोपतं, आणि अ‍ॅपवरून आधीच मागवून ठेवलं तर आणखी लवकर. म्हणजे पॅकेजमध्ये जेवणावर साधारण तासभर जास्त जातो. आता शोची बाजू. पॅकेज नसेल तर फँटास्मिकला तास-सव्वा तास आधी जाऊन बसावं लागतं. पॅकेज असेल तर अर्धा तास आधी पोचलं तरी चालतं. वाचले पाऊण तास. बेरीज-वजाबाकी केलीत तर हाती जवळजवळ शून्य राहतं, कधी उणेही.

मग लोकांना पॅकेज का आवडतं? कारण सगळे तास सारखे नसतात. दुपारी दोनला, ऊन चढलेलं असताना आणि सगळ्या राइड्सना लांब रांगा असताना थंड हवेत बसलेला तास आजीसाठी आणि चार वर्षांच्या मुलीसाठी विश्रांतीच असते. संध्याकाळी सातनंतर रांगा ओसरायला लागतात, आणि तेव्हाच पाठ नसलेल्या बाकावर जाऊन बसणं राइड्ससाठी आलेल्या तरुण मंडळींना महागात पडतं. पॅकेजने दुपारचा कमी कामाचा तास देऊन संध्याकाळचा मोलाचा तास मिळत असेल, तर घ्या. पण तुम्हाला टेबल मिळतंय संध्याकाळी सहाचं, म्हणजे मोलाचा तासच जेवणात जाणार, तर पॅकेजचा बराचसा अर्थ संपतो.

म्हणून माझी पहिली पसंती दुपारच्या उशिराच्या जेवणाला. अनेक पॅकेजांत दुपारी जेवलं तरी रात्रीच्या शोची तीच राखीव जागा मिळते. अडीच-तीनला जेवलं की रात्री काहीतरी हलकं खाऊन भागतं, आणि एका जेवणाचे पैसेही वाचतात. मैत्रिणींबरोबर गेले होते तेव्हा आम्ही पॅकेज न घेता दुसऱ्या खेळाला गेलो आणि संध्याकाळभर राइड्स केल्या. त्या गटासाठी तेच बरोबर होतं.

सहावी पायरी: पाऊस

फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी-संध्याकाळी गडगडाटी पाऊस रोजचाच म्हणावा असा. रिमझिम असेल तर शो होतो. विजा कडाडायला लागल्या किंवा वारा सुटला की उघड्यावरचा शो रद्द होतो, आणि कधी कधी माणसं बसल्यावर रद्द होतो. तुम्ही जेवण आधीच जेवलेलं असतं. तेव्हा सगळे पैसे परत मिळतील अशी आशा ठेवू नका. दुसऱ्या रात्री जागा द्यायची की नाही हे त्या वेळच्या परिस्थितीवर असतं.

जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर मी दोन गोष्टी सुचवीन. एक, पॅकेज सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा, म्हणजे शो बुडाला तरी पुढे एखाद्या रात्री साध्या रांगेने जाता येईल. दुसरं, शो न होताही हे जेवण आवडलं असतं का, असं स्वतःला विचारा. डिस्नेलँडच्या ‘ब्लू बायू’बद्दल माझं उत्तर ‘हो’ आहे. ते रेस्टॉरंट ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या होडीतून जायच्या राइडच्या आतच आहे. भर दुपारी आत गेलात तरी तिथे रात्र असते, कंदिलांचा मंद उजेड असतो आणि जेवता जेवता समोरच्या पाण्यातून प्रवाशांच्या होड्या जाताना दिसतात. तिथे बसणं हाच एक अनुभव आहे. अशा ठिकाणी पॅकेज घेतलं आणि पावसाने घोळ केला तरी चुटपुट कमी लागते.

सातवी पायरी: बुकिंग

डिस्नेची रेस्टॉरंटं ६० दिवस आधी बुकिंगला खुली होतात. फ्लोरिडात डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी सबंध मुक्कामाचं, जास्तीत जास्त दहा दिवसांचं, बुकिंग एकदम करता येतं. ऑनलाइन बुकिंग सकाळी सहाच्या सुमारास उघडतं, तेही फ्लोरिडाच्या घड्याळाने. पश्चिम किनाऱ्यावर राहत असाल तर तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. गजर लावूनच झोपा.

पॅकेज मात्र नेहमी त्याच दिवशी उघडेल असं नाही, कारण आधी शोच्या तारखा जाहीर व्हाव्या लागतात. तोवर त्याच रेस्टॉरंटचं साधं टेबल धरून ठेवायचं आणि पॅकेज दिसलं की बदलायचं, ही पद्धत मी वापरते. जुनं टेबल रद्द करायला मात्र विसरू नका. न जाता टेबल अडवून ठेवलं तर माणशी शुल्क कार्डावरून कापलं जातं. पॅकेजच्या रद्द करण्याच्या अटी साध्या टेबलापेक्षा कडक असू शकतात, त्या ‘पुढे’ दाबण्याआधी वाचा. मिळालं नाही तर नाराज होऊ नका. बेत बदलले की लोक टेबलं सोडतात, आणि जायच्या एक-दोन दिवस आधी पुन्हा बघितलं तर बरेचदा मिळतं.

एकाच रात्री दोन-तीन खेळ असतील तर आपला पास कोणत्या खेळाचा, हे पक्कं करा. लवकरच्या जेवणाला लवकरचा खेळ असं सहसा असतं, पण गृहीत धरू नका. डिस्नेचा डायनिंग प्लॅन, म्हणजे मुक्कामातल्या जेवणांचे पैसे आधीच भरायची योजना, घेतलेला असेल तर या जेवणाला एक क्रेडिट (आधी भरलेल्या जेवणाचं एक कुपन) जातं की दोन, तेही बघा. ब्राउन डर्बीसारख्या वरच्या दर्जाच्या ठिकाणी दोन जातात, आणि मग हिशोब पार बदलतो.

आठवी पायरी: मेनू वाचा, विशेषतः शाकाहारी असाल तर

ठरलेल्या रकमेच्या जेवणात पदार्थांची निवड कमी असते. मुख्य पदार्थांत स्टेक, मासे, कोंबडी आणि एखादा शाकाहारी, असा साचा. मांसाचे महाग पदार्थ धरून रक्कम ठरवलेली असते, त्यामुळे भाज्यांचा पास्ता खाणारा माणूस स्टेक खाणाऱ्याएवढेच पैसे देतो. घरात तिघं शाकाहारी असतील तर चौथ्या पायरीचा हिशोब पुन्हा करा. तो बहुधा पॅकेजच्या विरुद्ध जाईल.

मेनूवर पानाचं छोटं चिन्ह असतं. त्याचा अर्थ तो पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य आहे: मांस, दूध, अंडं, मध काहीच नाही. चिन्ह नसलेला पण शाकाहारी दिसणारा पदार्थ असेल तर रस्सा कशाचा आहे ते विचारा. बुकिंग करतानाच अ‍ॅलर्जी आणि पथ्य लिहून ठेवा आणि टेबलावर बसल्याबरोबर पुन्हा सांगा. या बाबतीत डिस्नेचे लोक मनापासून मदत करतात. गरज पडली तर आचारी स्वतः येऊन बोलतो.

त्या दिवशी

जेवण झाल्यावर टेबलावर किंवा स्वागतकक्षाकडे पास मिळतो. माणसं आणि पास तिथेच मोजून घ्या. कागदी असेल तर फोटो काढून ठेवा आणि मूळ पास एकाच मोठ्या माणसाकडे द्या. किती वाजता, कोणत्या दाराने यायचं ते त्यावर असतं. ती वेळ उलटून गेली की राखीव भाग साध्या रांगेतल्या लोकांना खुला होऊ शकतो, आणि मग पास हातात असून उपयोग राहत नाही. सगळे एकदम आत जा. ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ असं म्हणणारा माणूस त्या गर्दीत सापडत नाही. मुलांना आधीच स्वच्छतागृहात नेऊन आणा.

पॅकेज नाही घेतलं तर? तासभर आधी जा, खायला सोबत न्या. डिस्नेत बाहेरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि मद्य तेवढं चालत नाही. पोळीचे रोल, फळं आणि पत्त्यांचा जोड घेऊन आम्ही एकदा सव्वा तास असा काढला आहे, आणि माझ्या मुलीला त्या रात्रीचा तो भागही आठवतो.

शो संपला की हजारो माणसं एकदम उठतात आणि हॉलीवूड स्टुडिओजमध्ये सगळी एकाच रुंद वाटेने बाहेर पडतात. लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन त्या लोंढ्यात शिरू नका. दहा-पंधरा मिनिटं जागेवरच बसून राहा. मागच्या वेळी आम्ही वरच्या ओळीत असेच बसलो होतो. पाण्यावरचा धूर विरत होता, मुलगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि आई खालच्या रिकाम्या होत चाललेल्या बाकांकडे बघत विचारत होती, “तो ड्रॅगन खरा केवढा असेल गं?”